आरोप, दोषसिद्धी आणि मधले अंतर

कस्तुरबा गांधी मार्गावरील नवे महाराष्ट्र सदन राजधानीतील मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. याच वास्तूच्या कंत्राटाशी निगडित आरोपांतून छगन भुजबळ यांना मार्च २०१६ मध्ये अटक झाली. जामीन मिळायला मे २०१८ उजाडला आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या प्रकरणातून विशेष न्यायालयाने त्यांना सप्टेंबर २०२१ मध्ये दोषमुक्त केले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद जरूर असावेत. पण दोषमुक्तीच्या आधीच भोगलेल्या दोन वर्षांच्या कोठडीचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा?

हा प्रश्न आता घटनादुरुस्तीपर्यंत येऊन पोहोचला आहे. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेले आणि पुढे संयुक्त समितीकडे सोपवलेले १३० वे घटनादुरुस्ती विधेयक सांगते की, पाच वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचे पद एकतिसाव्या दिवशी जावे. वस्तुतः आरोपपत्र दाखल करण्यासाठीच कायदा तपासयंत्रणेला साठ ते नव्वद दिवस देतो. म्हणजे आरोप कागदावर येण्यापूर्वीच पद गेलेले असेल.

भुजबळांमागे निदान पक्ष होता, वकील होते. २०१९ मध्ये येवल्याने त्यांना पुन्हा निवडूनही दिले. सरपंच, नगरसेवक वा नगराध्यक्षाला हे बळ कोठून मिळावे? त्याची पत गावात आणि गावापुरतीच असते. तक्रारदारही बहुधा पराभूत प्रतिस्पर्धीच असतो. उरणच्या नगराध्यक्षांना पदावरून दूर करणारा आदेश २०१२ मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने, लोकनियुक्त प्रतिनिधीला हटवताना कायदेशीर प्रक्रियेचे काटेकोर पालन हवे, असे बजावले होते. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचाला अपात्र ठरवणारे आदेशही त्याच न्यायालयाने रद्द केले. ही दोन्ही प्रकरणे फौजदारी नव्हती. तरीही न्यायासाठी दिल्ली गाठावी लागली. फौजदारी आरोपाचा शिक्का बसलेल्याची वाट याहून बिकट असणार, हे उघड आहे.

दुसरी बाजूही नाकारता येणार नाही. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ सदस्यांनी प्रतिज्ञापत्रांत आपल्यावर फौजदारी प्रकरणे असल्याचे नमूद केले. सत्तेच्या खुर्चीवरून साक्षीदारांना दडपता येते, हा अनुभव खोटा नाही. म्हणूनच दोषसिद्धीनंतर अपील दाखल करून सदस्यत्व टिकवण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालाने बंद केली, ते योग्यच झाले. मात्र त्या निकालाचा आधार न्यायालयातील दोषसिद्धी हा होता, पोलिसांची कोठडी नव्हे.

यातून मार्ग काढणे अशक्य नाही. न्यायालयाने आरोप निश्चित केल्यावर निर्णयाधिकारापासून तात्पुरते दूर ठेवावे, खटल्याला कालमर्यादा घालावी आणि सुटका झाल्यास उरलेल्या मुदतीपुरते पद सन्मानाने परत द्यावे. ज्या अधिकाऱ्यांपुढे अशा चौकशा चालतात, त्यांनी नोटीस, सुनावणी आणि सकारण आदेश या तीन पायऱ्या वरून दबाव आला तरी गाळू नयेत.

आम्हा पत्रकारांनाही यातून सुटका नाही. अटकेची बातमी पहिल्या पानावर छापायची आणि निर्दोष सुटकेची आतल्या पानावर चार ओळींत, ही आमची जुनी रीत आहे. न्यायालयाने सोडलेला माणूस गावच्या चावडीवर आरोपीच राहतो, त्याला या चार ओळीही जबाबदार असतात.