कोंडणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे!

परवा ऑफिसात जेवताना एक मित्र कौतुकाने सांगत होता, "आमचं पिल्लू एकदम ट्रेन झालंय. सकाळी नऊला क्रेटमध्ये टाकतो, संध्याकाळी सातला काढतो. आवाजसुद्धा नाही!" पिल्लाचं वय अडीच महिने. माझा घास तिथेच अडकला.

मंडळी, याला ट्रेनिंग म्हणत नाहीत, कोंडणं म्हणतात. आवाज येत नाही, कारण ओरडून कोणी येत नाही हे त्याला कळून चुकलंय.

साधं गणित आहे. एवढ्याशा पिल्लाला जागेपणी दोन-तीन तासांच्या वर शू धरता येत नाही. कुत्रं आपली झोपायची जागा सहसा घाण करत नाही, आणि क्रेटची सगळी युक्ती या एका सवयीवर उभी आहे. दहा तास कोंडून तुम्ही तीच सवय मोडलीत, तर उरलं काय? लोखंडी जाळी.

मी काही साधुसंत नाही. गुंड्या आला त्या रात्री मीही दार लावून "रडेल आणि झोपेल" म्हणत पडून राहिलो होतो. अर्ध्या तासाने उठून बघतो तर बिचारा ओल्यात बसून थरथरतोय. दुसऱ्या दिवशी सगळं अनइन्स्टॉल करून पहिल्यापासून सुरुवात. दार उघडं, जेवणाचं भांडं आत. स्वतःहून आत गेला की शाबासकी. चार दिवसांनी तो खात असताना दार पाच सेकंद बंद, मग दहा, मग मिनिटभर. रात्री क्रेट पलंगाशेजारी. कुंईकुंई केलं की उचलायचं, खाली न्यायचं, शू झाली की परत आत. शिक्षा म्हणून आत टाकणं? कधीच नाही. तीन आठवडे लागले. आता झोप आली की साहेब आपणहून आत जातात.

"पण आम्हाला ऑफिस असतं हो!" असणारच. मग नवरा-बायकोने आळीपाळीने घरून काम करा, दुपारी कुणाला तरी पैसे देऊन बोलवा. यातलं काहीच जमत नसेल तर पिल्लू आणू नका. नाहीतरी कोणी सक्ती केलीय?

राहिला कायदा. नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! म्हणजे कायदा तुम्हाला अडवेल, या भरवशावर पिल्लाने राहू नये. ते तुमच्याच भरवशावर आहे.