प्रश्नाचा मान

'मोठ्यांनी सांगावे आणि लहानांनी ऐकावे' असे आपल्याकडे पुष्कळदा म्हटले जाते. धर्माची गोष्ट निघाली म्हणजे तर हे म्हणणे अधिकच ठासून सांगण्यात येते. धर्म हा श्रद्धेचा विषय आहे. तेथे प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेला धक्का लावणे होय, असा अनेकांचा समज असतो. हा समज आदराच्या भावनेतून आलेला असला, तरी तो बरोबर नाही असे माझे मत आहे. आपल्या देशातील धर्मविचार प्रश्नोत्तरांच्या आधारानेच वाढला. जेथे प्रश्न विचारणाऱ्याला मान मिळाला, तेथे विचार उंच गेला. आणि जेथे त्याचे तोंड बंद करण्यात आले, तेथे धर्माचेच नुकसान झाले.

कठोपनिषदातील नचिकेत हा तुमच्यासारखाच एक मुलगा. पिता यज्ञात म्हाताऱ्या, दूध न देणाऱ्या गाई दान देत आहे, हे पाहून त्याला राहवले नाही. 'मग मला कोणाला देणार?' असे त्याने पुन्हा पुन्हा विचारले. पिता संतापला आणि 'तुला मृत्यूला दिले' असे म्हणाला. नचिकेत यमाच्या दारी गेला, तीन रात्री उपाशी राहिला आणि यमाने वर देऊ करताच त्याने विचारले, 'मेल्यानंतर माणसाचे काय होते?' यमाने त्याला धन, राज्य, दीर्घ आयुष्य असे सर्व काही देऊ केले. पण मुलगा आपल्या प्रश्नापासून ढळला नाही. शेवटी यम प्रसन्न झाला आणि असाच प्रश्न विचारणारा आपल्याला लाभत जावो, अशी इच्छा त्याने व्यक्त केली. शिष्याने चांगला गुरू मागावा हे सर्वांना ठाऊक असते. पण येथे गुरूच चांगला शिष्य मागत आहे!

बृहदारण्यकोपनिषदात जनकाच्या सभेची कथा आहे. सर्वांत ज्ञानी असेल त्याने न्याव्यात, म्हणून राजाने एक हजार गाई उभ्या केल्या होत्या. याज्ञवल्क्याने त्या हाकून नेण्यास शिष्याला सांगितले, तेव्हा सभेतील विद्वान एकामागून एक त्याला प्रश्न विचारू लागले. त्यांत गार्गी नावाची विदुषी होती. तिचे प्रश्न इतके खोल जाऊ लागले, की 'याहून पुढे विचारू नकोस' असे याज्ञवल्क्याने तिला बजावले. ती गप्प बसली. पण काही वेळाने पुन्हा उठली आणि दोन बाण हाती घेतलेल्या वीराप्रमाणे दोन नवे प्रश्न घेऊन आली. याज्ञवल्क्याने त्यांची उत्तरे दिली. ती पटताच गार्गीने भर सभेत त्याचा मोठेपणा मान्य केला. प्रश्न विचारण्यास जसे धैर्य लागते, तसेच उत्तर पटल्यावर ते मोकळ्या मनाने स्वीकारण्यासही लागते. गार्गीजवळ ही दोन्ही धैर्ये होती.

भगवद्गीता तर अर्जुनाच्या शंकांवरच उभी आहे. सातशे श्लोकांच्या या ग्रंथातून अर्जुनाचे प्रश्न काढून टाकले, तर श्रीकृष्णाला बोलण्याचे कारणच उरणार नाही. आणि सर्व उपदेश झाल्यावर श्रीकृष्ण काय म्हणतो? 'यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर.' आज्ञा करण्याचा अधिकार असूनही त्याने निर्णय अर्जुनाच्या स्वाधीन केला. याच गीतेवर ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवासे येथे मराठीत टीका सांगितली. त्या ज्ञानेश्वरीतही ज्ञानेश्वर एकटेच बोलत सुटत नाहीत. ते श्रोत्यांपाशी अवधान मागतात, त्यांची मने ओळखतात आणि गुरू निवृत्तिनाथ यांच्याशीही बोलतात.

भगवान बुद्धांचा उपदेशही बहुतांशी संवादाच्या रूपानेच आपल्यापर्यंत आला आहे. केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी त्यांना आपली अडचण सांगितली. 'आमच्या गावी अनेक उपदेशक येतात. प्रत्येक जण आपलेच मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणतो. आम्ही कोणाचे ऐकावे?' बुद्धांनी 'माझेच ऐका' असे उत्तर दिले नाही. केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका. ती हिताची आहे की अहिताची, हे स्वतः पारखून घ्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे हित होते की अहित, असे त्यांनी कालामांनाच विचारले आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेतले.

पुढे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होऊन गेला. पाली भाषेतील 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात तो मिलिंद या नावाने भेटतो. त्याने भिक्षू नागसेनाला वादासाठी बोलावले, तेव्हा नागसेनाने एक अट घातली. पंडितांच्या रीतीने बोलायचे असेल तर आपण बोलू. राजांच्या रीतीने असेल तर नाही. पंडितांच्या वादात एकाची चूक दुसरा दाखवतो आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र विरुद्ध बोलणाऱ्याला शिक्षा करतात. राजाने ती अट मान्य केली. ज्याच्या हाती सत्ता असते, त्याने ती क्षणभर बाजूला ठेवल्यावाचून खरा संवाद होत नाही, ही गोष्ट त्या भिक्षूने किती नेमकी ओळखली होती!

बोलणारे दोघे असले म्हणजे संवाद झाला असे मात्र नव्हे. गौतम मुनींच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे फक्त पाडण्यासाठी होते ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, तो येथलाच. शिवाय आपल्या शास्त्रकारांचा असा दंडक होता, की प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे आणि मग आपले उत्तर द्यावे. त्या पहिल्या भागाला पूर्वपक्ष म्हणतात. दिङ्नाग या बौद्ध पंडिताने न्यायमतावर टीका केली. तिला उद्योतकराने उत्तर दिले. आणि सातव्या शतकात धर्मकीर्तीने पुन्हा बौद्धांची बाजू मांडली. हा वाद पिढ्यान् पिढ्या चालला. दिङ्नागाचे मूळ संस्कृत लेखन पुढे बरेचसे लुप्त झाले. त्यातील काही तिबेटी भाषांतरांत राहिले आणि त्याची कित्येक वाक्ये त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांत टिकून राहिली. ज्याचे खंडन करावयाचे, त्याचे म्हणणेही जपून ठेवावे, याहून मोठा सभ्यपणा कोणता?

महाराष्ट्राच्या भूमीलाही या गोष्टी परक्या नाहीत. वेरूळला एकाच डोंगराच्या रांगेत बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन लेणी शेजारी शेजारी उभी आहेत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे येथे बौद्ध लेणी आहेत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' श्रीचक्रधर आणि त्यांचे शिष्य यांच्या बोलण्याने भरलेले आहे. त्यांत महदाईसा नावाची शिष्या नित्य काही ना काही विचारीत असते आणि चक्रधर तिच्या शंकांचे निरसन करतात. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघेही आरंभी एकमेकांच्या धर्माची उणी काढतात, कडक शब्द बोलतात. पण बोलणे थांबवीत नाहीत, आणि म्हणूनच अखेरीस त्यांची मने जुळतात. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) बुद्धांविषयीच्या जिज्ञासेने घर सोडून निघाले, सिंहलद्वीपापर्यंत गेले, पाली शिकले आणि बुद्धांचे संवाद त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिले.

परंतु आपल्या परंपरेचे गोडवे गाताना एक कटू सत्य लपवणे योग्य होणार नाही. संवादाची ही सभा सर्वांना खुली नव्हती. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आजही पंढरपूरला महाद्वाराच्या बाहेरच आहे. त्या देवळाचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी १९३० साली सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. १९३५ साली त्यांनी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली आणि दीर्घ अभ्यासानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. 'आम्हांला आत का येऊ देत नाही?' हा प्रश्न शतकानुशतके विचारला जात होता. ज्यांनी उत्तर द्यावयाचे, त्यांनी कान झाकून घेतले. उपनिषदांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी नचिकेताच्या प्रश्नाचे कौतुक करावे आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न मात्र ऐकू नये, हा केवढा विरोध!

प्रश्नांनी श्रद्धा ढळते, असे म्हणणाऱ्यांना मी आमच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचे उदाहरण देईन. शेतातून आलेले भात तसेच शिजवून कोणी खात नाही. ते कांडावे लागते; तूस पाखडून टाकावे लागते. मग जो तांदूळ उरतो, त्याच्या सुवासाने घर भरून जाते. प्रश्नांच्या मुसळाखाली विचारही असाच कांडला जातो. जे तूस असते ते उडून जाते. जो दाणा असतो तो राहतो. दाण्यावर ज्याचा विश्वास आहे, त्याने मुसळाला का भ्यावे?

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्नाला मान हवा असेल, तर विचारणाऱ्याच्या अंगीही काही गुण असले पाहिजेत. प्रश्न जाणून घेण्यासाठी विचारावा, कोणाची फजिती करण्यासाठी नव्हे. उत्तर पुरते ऐकून घ्यावे. दुसऱ्याचे म्हणणे इतक्या नीटपणे मांडून दाखवता यावे, की 'होय, मला हेच म्हणावयाचे होते' असे त्यालाही वाटावे. मगच त्याला विरोध करावा. प्रत्येक प्रश्न सारख्याच मोलाचा नसतो, हेही ओळखावे. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे कूळ आणि रंग विचारीत बसू नये, आधी बाण काढून घ्यावा, असे बुद्धांनी एका शिष्याला समजावले होते, ते याचसाठी.

तुमच्या वर्गात निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या रीती पाळणारी मुले येतात. त्यांच्या घरी कोणते सण असतात, ते कोणाला वंदन करतात, आणि का, हे त्यांना आदराने विचारा. आणि त्यांनी तुम्हांला विचारले तर न रागावता सांगा. उत्तर ठाऊक नसेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना आणि गुरुजनांना विचारा. त्यांनाही ते ठाऊक नसेल, तर सर्वांनी मिळून शोधा. असा शोध घेत असतानाच नचिकेत आणि यम, मिलिंद आणि नागसेन एकमेकांपाशी बसले होते.