ताडपत्रीखालची हवा

कुंभार पिंपळगावहून मोसंबी किंवा कापूस घेऊन गेलेली पिकअप परतताना बहुधा रिकामी असते. अशा वेळी मागचा फाळका खाली सोडावा, वारा आरपार जातो, गाडी जास्त अॅव्हरेज देते, असा सल्ला कुणीतरी देतोच. तो ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे.

फाळका लावलेला असला की टपावरून आलेली हवा हौद्यात गोल फिरत राहते. हा भोवरा हौदा भरून टाकतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरून पुढे निघून जाते. फाळका सोडला की भोवरा मोडतो. विंड टनेलमधल्या बहुतेक चाचण्यांत त्याने फायदा झालेला नाही, उलट हवेचा रोध थोडा वाढलेला दिसतो. हौद्यावर सपाट, ताणलेले झाकण बसवले तर रोध काही टक्क्यांनी घटतो. हौद्यात टाकलेल्या रबरी मॅटचा वाऱ्याशी संबंध नाही. पत्रा वाचतो, वजन तेवढे वाढते.

हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 किलोमीटरवरून 80 वर गेले की चौपट. घनसावंगी तालुक्यातल्या रस्त्यांवर खड्डे चुकवत जाणाऱ्या गाडीला झाकणाने फारसे काही मिळत नाही. तिथे टायरमधली हवा आणि जादा भार हेच खरे. समृद्धी महामार्गावर मात्र फडफडणारी सैल ताडपत्री आणि टपाच्या वर गेलेला कापसाचा ढीग डिझेल खातात.

इथवर हिशेब पैशाचा झाला. पण लग्नसराईत आणि कापूस वेचणीला याच हौद्यात माणसे बसतात. मालवाहू गाडीत माणसे नेऊ नयेत हे सगळ्यांना ठाऊक असते, नेली जातातच. ऊन-पावसासाठी वर ताडपत्री ओढली जाते आणि धोका तिथे सुरू होतो. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे सायलेन्सरचा धूर मागच्या उघड्या बाजूने आत ओढला जातो. हवा यावी म्हणून मागचा पडदा वर केला, तर धुराला वाटच मिळते.

अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये पिकअपच्या मागे बसून कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या 20 मुलांची नोंद प्रसिद्ध केली. बहुतेक मुले बंद टपाखाली होती, तीन ताडपत्रीखाली. एक मूल दगावले. सायलेन्सर गळका होता किंवा त्याचे तोंड मागे होते. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरे, पण आता पेट्रोल आणि सीएनजीवरच्या छोट्या मालगाड्याही गावोगावी आहेत.

या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, मूल पेंगते आणि घरचे म्हणतात, ‘गाडी लागली असेल, झोपू द्या.’ बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही इथे फसवते. रक्तात विष असताना आकडा चांगला दाखवते. म्हणून असे मूल झोपू न देता लगेच मोकळ्या हवेत आणावे, आणि दवाखान्यात गेल्यावर ते ताडपत्रीखाली बसून आले होते, हे डॉक्टरांना आधी सांगावे.