पहिल्या घराची सवलत दस्तनोंदणीतच द्या

एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकाच किमतीचे दोन फ्लॅट. दोन्ही कुटुंबांचं हे आयुष्यातलं पहिलंच घर. पगार जवळपास सारखा, कर्जही एकाच बँकेचं. फरक एवढाच की एकाचं कर्ज मार्च २०२२मध्ये मंजूर झालं आणि दुसऱ्याचं एप्रिलमध्ये. घराची सरकारी किंमत ४५ लाखांच्या आत असेल, तर जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या पहिल्या कुटुंबाला कर्ज फिटेपर्यंत दरवर्षी दीड लाखांपर्यंतच्या व्याजावर जादा वजावट घेता येते. दुसऱ्याला एक रुपयाही नाही. ही आयकर कायद्यातल्या ८०ईईए कलमाची करामत. मंजुरीपत्रावरची तारीख ३१ मार्च २०२२च्या पुढे गेली की पहिलं घर सरकारच्या लेखी पहिलं राहत नाही.

पहिल्या घराला करसवलत द्यायची ही कल्पना आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत तीनदा आली आणि तिन्ही वेळा मुदत संपवून गेली. २०१३च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी ८०ईई हे कलम आणलं. घर ४० लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं आणि जादा वजावट एकूण एक लाखाची. कर्ज मात्र त्याच एका आर्थिक वर्षात मंजूर व्हायला हवं होतं. मग दोन वर्षं काहीच नाही. २०१६मध्ये अरुण जेटली यांनी तेच कलम नव्याने आणलं. या वेळी घर ५० लाखांपर्यंत, कर्ज ३५ लाखांपर्यंत, वजावट वर्षाला ५० हजारांची आणि मुदत पुन्हा एकाच वर्षाची. त्यानंतर पुन्हा दोन वर्षांचा खंड. २०१९मध्ये निर्मला सीतारामन यांनी ८०ईईए आणलं, त्याला दोनदा मुदतवाढ दिली आणि २०२२मध्ये ते थांबवलं.

घर घेणं हे काही सणाच्या खरेदीसारखं नसतं. लग्न ठरतं, मूल होतं, घरमालक भाडं वाढवतो, वडिलांच्या निवृत्तीचे पैसे हातात येतात, तेव्हा माणूस घर बघायला निघतो. या गोष्टी सरकारच्या आर्थिक वर्षाच्या हिशेबाने घडत नाहीत. २०१४च्या दिवाळीत कर्ज मंजूर झालेल्याला काही मिळालं नाही, २०१६च्या दिवाळीत मिळालं, २०१८मध्ये नाही, २०२१मध्ये पुन्हा मिळालं. नागरिकाच्या गरजेचा या तारखांशी काही संबंध नव्हता.

मुदतीपेक्षा मोठा दोष या वजावटीच्या रचनेतच होता. वजावट उत्पन्नातून होते, करातून होत नाही. म्हणजे ज्याचा कराचा दर जास्त, त्याचा फायदा जास्त. जुन्या प्रणालीत दीड लाखांच्या वजावटीवर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ४६,८०० रुपये वाचतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ३१,२०० वाचतात. ज्याचं करपात्र उत्पन्न मुळातच पाच लाखांच्या आत आहे, त्याला कर भरावाच लागत नाही, त्यामुळे त्याचं काहीच वाचत नाही. पहिलं घर घेताना सर्वांत जास्त ओढाताण ज्याची होते, त्याच्यापर्यंत ही मदत पोहोचतच नव्हती.

आता नवी करप्रणाली आली आहे. २०२३-२४पासून ती आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तसं कळवावं लागतं. नव्या प्रणालीत दर कमी आहेत, आणि २०२५-२६पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, नोकरदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत. ही सवलत मोठी आहे, हे मान्य करायलाच हवं. पण या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाचं व्याज वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीतली कलम २४ची दोन लाखांची वजावट इथे नाही आणि मुद्दलासाठी ८०सी नाही. उलट तेच घर भाड्याने दिलं, तर भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा करता येतं. राहायला घर घेणाऱ्याला काही नाही आणि भाडं कमावणाऱ्याला वजावट, हा क्रम कोणत्याही गृहनिर्माण धोरणात बसत नाही.

जुन्या प्रणालीत राहिलेल्यांचंही सगळं सुखाचं नाही. घर बांधकाम सुरू असताना घेतलं, तर ताबा मिळेपर्यंत व्याजाची वजावट सुरूच होत नाही. त्या काळात कुटुंब जुन्या घराचं भाडंही भरतं आणि बँकेचं व्याजही. ताब्याआधीचं व्याज पुढे पाच समान हप्त्यांत दाखवता येतं, पण तेही त्याच दोन लाखांच्या मर्यादेत. पहिल्या वर्षांतलं चालू व्याजच दोन लाखांच्या वर असतं, त्यामुळे मागचं व्याज दाखवायला जागाच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे, कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर दोन लाखांची मर्यादा थेट ३० हजारांवर येते. प्रकल्प रखडवला बिल्डरने. महारेराकडे तक्रार घेऊन खेटे घालायचे ग्राहकाने. आणि करसवलतही ग्राहकाचीच कापायची. हा नियम अन्यायाचा आहे आणि तो बदलायला कोणाची हरकत असण्याचं कारण नाही.

पण खरी अडचण आयकराच्या विवरणपत्रात नाही, ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला किंवा रावेतला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत ६० लाखांचा फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहा. जीएसटी पाच टक्के, म्हणजे तीन लाख. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून सात टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. नोंदणी फी ३० हजार. झाले साडेसात लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या किमतीच्या घराला ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख स्वतःचे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे ते साडेचार लाखही खिशातूनच जातात. जीएसटी बिल्डर प्रत्येक स्लॅबच्या हप्त्याबरोबर मागत राहतो. दस्त होण्याआधी हातात साडेसोळा लाख रोख हवेत आणि त्यापुढे जीएसटी वेगळा.

हे पैसे येतात कुठून? पीएफ काढून, आईच्या बांगड्या गहाण ठेवून, भावाकडून उसने घेऊन, नाहीतर पर्सनल लोन काढून. ४८ लाखांच्या कर्जाचा दरमहा सुमारे साडेएकेचाळीस हजारांचा हप्ता भरण्याची ऐपत असलेली अनेक कुटुंबं या पहिल्या रकमेपाशीच अडतात. त्यांना वर्षाअखेर तीस-चाळीस हजारांचा कर परत मिळाला काय नि न मिळाला काय, घर घेण्याचा निर्णय त्यावर ठरत नाही. मुद्रांक शुल्काची रक्कम ८०सीमध्ये दाखवता येते असं सीए सांगतात, ते खरंही आहे. पण तिथली दीड लाखाची मर्यादा पीएफ आणि विम्याच्या हप्त्यानेच भरून गेलेली असते.

जीएसटीतली ४५ लाखांची रेघ तर मुळातूनच तपासायला हवी. १ एप्रिल २०१९पासून परवडणाऱ्या घराला एक टक्का आणि बाकीच्यांना पाच टक्के कर आहे. परवडणारं म्हणजे मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र, पुणे-नाशिक-नागपूरसारख्या शहरांत ९० चौरस मीटरपर्यंत, आणि दोन्हीकडे किंमत ४५ लाखांपर्यंत. पार्किंग आणि बिल्डरचे इतर आकारही याच किमतीत धरले जातात. ४५ लाखांच्या घरावर कर ४५ हजार रुपये. किंमत एक हजाराने वाढली की कर सव्वादोन लाखांच्या वर. हजार रुपयांसाठी एक लाख ऐंशी हजारांचा फटका! टप्प्याटप्प्याने वाढणारा दर ठेवला असता तर हे घडलं नसतं. शिवाय २०१९पासून बांधकामाचा खर्च, जमिनीचे भाव, मजुरी सगळं वाढलं आणि रेघ जागची हलली नाही. मुंबई शहर-उपनगरात ४५ लाखांत नवा वन-बीएचके मिळणं जवळपास अशक्य आहे. म्हणून पहिलं घर घेणारा बदलापूर, वांगणी, टिटवाळा, विरारकडे सरकतो आणि रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये काढतो.

प्रधानमंत्री आवास योजनेची व्याज सवलत त्या मानाने नीट आखलेली होती. तिच्यात पैसे थेट कर्जखात्यात जमा व्हायचे आणि मुद्दल कमी व्हायचं. कर भरणारा असो वा नसो, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये मिळत. मध्यम उत्पन्न गटासाठी ती मार्च २०२१मध्ये आणि अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२मध्ये बंद झाली. २०२४पासून योजनेचा दुसरा टप्पा आहे. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि अनुदान जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. पुण्या-मुंबईत ३५ लाखांचं घर शोधणाऱ्याची अवस्था वेगळी सांगायला नको.

या योजनेची आणखी एक अट कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसाला खास अडते. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं, अशी ती अट. रत्नागिरीच्या गावात आजोबांनी बांधलेलं चिरेबंदी घर असतं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८वर चार काका, दोन आत्या आणि सगळ्या चुलत भावंडांची नावं असतात. डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्या घरातली एक खोलीही येत नाही. तरीही कागदोपत्री तो घरमालक. पहिलं घर कोणाचं हे ठरवताना वडिलोपार्जित सामाईक हिस्सा वगळला पाहिजे. हा प्रश्न लाखो चाकरमान्यांचा आहे आणि तो महाराष्ट्रानेच दिल्लीत मांडायला हवा.

महाराष्ट्र सरकारला स्वतःच्या हातातलं बरंच करता येण्यासारखं आहे, कारण मुद्रांक शुल्क हा राज्याचा विषय. करोनाच्या काळात राज्याने ते करूनही दाखवलं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणलं, पुढचे तीन महिने तीन टक्के ठेवलं. डिसेंबर संपत आला तेव्हा निबंधक कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. बांधकाम व्यवसायाला त्या वेळी आधाराची गरज होती, हे खरं. पण सवलत सर्वांना सरसकट होती. ४० लाखांच्या फ्लॅटवर तीन टक्क्यांनी एक लाख वीस हजार वाचले, पाच कोटींच्या फ्लॅटवर १५ लाख. दुसरं, चौथं, सातवं घर घेणाऱ्यालाही तेवढाच लाभ. २०२१पासून महिलांच्या नावावर घर घेतल्यास एक टक्का सवलत मिळते आणि ती स्वागतार्हच आहे. मात्र घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्याच नावावर हवं. नवरा-बायकोने दोघांच्या नावावर पहिलं घर घेतलं तर सवलत नाही आणि एकाच महिलेने पाचवं घर घेतलं तर आहे. राज्याच्या मुद्रांक शुल्कात पहिल्या घराला म्हणून काहीच सूट नाही.

इतर देशांनी हा भेद केला आहे. ब्रिटनमध्ये २०१७पासून पहिलं घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कात वेगळी सूट आहे. मर्यादा बदलत गेली, पण सूट कायम राहिली. कॅनडाच्या सरकारने मे २०२५मध्ये पहिल्यांदा नवं घर घेणाऱ्याला दहा लाख डॉलरपर्यंतच्या घरावरचा पाच टक्के जीएसटी पूर्ण परत देण्याचा प्रस्ताव मांडला. या दोन्ही सवलती खरेदीच्या वेळच्या करातल्या आहेत, वार्षिक आयकरातल्या नाहीत. अमेरिकेने २००८च्या मंदीनंतर पहिल्या घराला आठ हजार डॉलरपर्यंतची करसूट दिली होती, मुदत घालून. एप्रिल २०१०मध्ये मुदत संपली आणि पाठोपाठ घरांची विक्री घसरली.

सवलत दिली की बिल्डर तेवढे भाव वाढवतो, हा आक्षेप वजनदार आहे. घरं कमी आणि गिऱ्हाईक जास्त असेल तिथे असं होतंच, आणि अल्पमुदतीची सवलत असेल तर हमखास होतं, कारण घासाघीस करायला ग्राहकाकडे वेळच उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे सवलत कायमची ठेवणं आणि फक्त पहिल्या घरापुरती ठेवणं. बाजारातल्या काहीच ग्राहकांना ती मिळणार असेल आणि कुठली तारीख मानेवर नसेल, तर सरसकट भाव वाढवणं बिल्डरला अवघड जातं. शिवाय मुद्रांक शुल्काचं चलान ग्राहकाच्या नावाने थेट सरकारकडे भरलं जातं, त्यामुळे तिथली सूट बिल्डरच्या हातातून जात नाही.

घर खरोखर पहिलंच आहे हे तपासणं अवघड नाही. दस्तनोंदणीला पॅन लागतोच, राज्याच्या नोंदणी विभागाकडे दस्तांची संगणकीय नोंद आहे. खरेदीदाराकडून प्रतिज्ञापत्र घ्यावं, खोटं निघालं तर वाचलेलं शुल्क दंडासह वसूल करावं. गुंतवणूकदाराने घुसू नये म्हणून पाच वर्षं विक्रीबंदीची अट घालावी.

म्हणून राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात पहिल्या घरावरचं मूळ मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणावं. मुंबई महानगर प्रदेशात ६० आणि इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंतच्या घराला, किमतीची वाजवी कमाल मर्यादा ठेवून, मुदतीविना आणि पती-पत्नीच्या संयुक्त नावालाही. मोशीच्या त्या ६० लाखांच्या फ्लॅटवर यातून एक लाख ऐंशी हजार वाचतील. राज्याच्या अर्थमंत्र्यांनी जीएसटी परिषदेत ४५ लाखांची मर्यादा वाढवण्याचा आणि तिथला एकदम चढणारा दर टप्प्यांत विभागण्याचा आग्रह धरावा. आणि रखडलेल्या प्रकल्पातल्या ग्राहकाची वजावट कापणारी पाच वर्षांची अट केंद्राने काढून टाकावी. तिच्यामुळे तिजोरीत जे पैसे येतात ते फसवल्या गेलेल्या माणसाच्या खिशातून येतात.