दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस लिहायचं?

ऑनलाइन लेखनाच्या एखाद्या व्यासपीठावर नोकरकपात झाली की तिची बातमी ठरलेल्या साच्यात येते. इतके कर्मचारी कमी केले, कंपनी आता नव्या दिशेने जाणार, संस्थापकाने पत्र लिहून सगळ्यांचे आभार मानले. या बातमीत एक माणूस मात्र कधीच नसतो. ज्याच्या लिखाणावर ते व्यासपीठ उभं राहिलं तो लेखक. त्याला कुणी कामावरून काढत नाही, कारण त्याला कधी कामावर घेतलेलंच नसतं. त्याच्या पायाखालची जमीन जाते आणि त्याला साधी नोटीसही मिळत नाही.

आपल्यापैकी अनेकजण म्हणतील, अमेरिकेतल्या कंपनीत माणसं कमी झाली, त्याचं आपल्याला काय? आपल्याला त्याचं बरंच काही आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आंबेडकरी तरुणांचं सर्वाधिक लेखन वर्तमानपत्रांत आलेलं नाही. ते ब्लॉगवर, फेसबुकवर, ट्विटरवर आणि अशाच व्यासपीठांवर आलं. कारण उघड आहे. 2019 साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी भारतीय माध्यमांचा अभ्यास केला. त्यात पाहिलेल्या संपादकीय नेतृत्वाच्या 121 जागांपैकी 106 जागांवर तथाकथित उच्च जातींचे लोक होते, आणि अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. दार बंद होतं म्हणून आपण ओसरीवर बसून लिहायला लागलो. पण ओसरीही कुणाची तरी असते. मालकाने ती आवरायला घेतली की काय होतं, ते मीडियम या व्यासपीठाच्या उदाहरणावरून नीट समजतं.

मीडियम 2012 साली सुरू झालं. संस्थापक इव्हान विल्यम्स. ब्लॉगर आणि ट्विटर या दोन्हींच्या स्थापनेत हाच माणूस होता. लोकांनी चांगलं लिहावं, त्यांना वाचक मिळावा, असा त्याचा दावा. गुंतवणूकदारांनी त्यात सुमारे 13 कोटी डॉलर ओतले. 2016 मध्ये कंपनीने छोट्या-मोठ्या स्वतंत्र प्रकाशनांना बोलावलं: तुमची वेबसाइट आमच्याकडे आणा, जाहिरातींचं उत्पन्न आम्ही मिळवून देऊ. अनेकजण आपलं बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले. जानेवारी 2017 मध्ये विल्यम्सने जाहीर केलं की जाहिरातींवर चालणारं माध्यम ही मुळातच चुकीची व्यवस्था आहे. 50 जणांना, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांच्या साधारण एक तृतीयांश लोकांना, काढलं. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनची कार्यालयं बंद केली. जाहिरातींच्या भरवशावर आलेल्या प्रकाशनांना ही गोष्ट जगाबरोबरच कळली.

मग वाचकांकडून वर्गणी घ्यायचं ठरलं. काही प्रकाशनांनी मीडियमवरच आपापले वर्गणीदार जमवले. मे 2018 मध्ये त्यांचीही वर्गणी-योजना कंपनीने थोड्या दिवसांच्या सूचनेवर गुंडाळली. लेखकांना पैसे द्यायची रीतही अशीच बदलत गेली. आधी वाचकांनी दिलेल्या 'टाळ्या' मोजून पैसे मिळत, 2019 च्या ऑक्टोबरपासून वाचनाला लागलेला वेळ मोजला जाऊ लागला. दर बदलला, माप बदललं. लेखकाला कुणी विचारलं नाही. वीटभट्टीवर मुकादम विटा मोजायची पद्धत बदलतो तेव्हा मजुरालाही कुणी विचारत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. 2019 मध्ये मीडियमने स्वतःची मासिकं काढली. त्यातलं 'झोरा' हे कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर स्त्रियांसाठी होतं. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेच्या नावावरून त्याचं नाव ठेवलेलं. 'लेव्हल' हे कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर पुरुषांसाठी. पगारी संपादक, लेखकांना मानधन, व्यवस्थित संपादन. बहुसंख्य गोऱ्या वृत्तपत्रसृष्टीत ज्यांना जागा नव्हती, त्यांना ती इथे मिळाली. 2021 च्या सुरुवातीला मीडियमच्या कर्मचाऱ्यांनी युनियन करायचं ठरवलं. मतदान झालं आणि युनियन एका मताने हुकली. त्याच मार्चमध्ये विल्यम्सने संपादकीय विभागातल्या लोकांसमोर स्वेच्छानिवृत्तीचा प्रस्ताव ठेवला. यापुढे कंपनीच्या स्वतःच्या मासिकांवरचा भर कमी होईल आणि व्यासपीठावर स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यांवर वाढेल, असं सांगितलं. अनेक संपादक गेले, मासिकांचं काम आवरतं घेतलं गेलं. पुढच्या वर्षी विल्यम्स स्वतः मुख्याधिकारी पदावरून बाजूला झाला.

यात कुणी खलनायक शोधायची गरज नाही. विल्यम्सला कृष्णवर्णीय स्त्रियांनी लिहावं असं मनापासून वाटत असेलही. प्रश्न त्याच्या मनाचा नाहीच. ज्या निर्णयाने 'झोरा' सुरू झालं तो निर्णय झोराच्या लेखिकांच्या हातात नव्हता आणि ज्या निर्णयाने ते आवरलं तोही नव्हता. मेहरबानी म्हणून मिळालेली जागा धंद्याचा निर्णय म्हणून काढून घेता येते. गावात पूर्वी एखादा मालक आपल्या माणसाला घरापाशी येऊ द्यायचा, त्याच्याशी गोडही बोलायचा. त्यातून हक्क तयार झाला नाही. हक्क चवदार तळ्यावर जाऊन सांगावा लागला.

काहीजण म्हणतील, लेखनाचे हक्क तर लेखकाकडेच राहतात, मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो. कागदावर हे खरं आहे. पण तुमचा वाचक, त्याने दिलेला प्रतिसाद, वर्षानुवर्षांच्या लिंक, इतरांनी तुमच्या लेखाचे दिलेले संदर्भ, यातलं काय उचलून नेणार? याहू ग्रुप्सचा अनुभव जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. फेसबुक यायच्या आधी देश-विदेशातल्या आंबेडकरी लोकांच्या कितीतरी चर्चा तिथे चालत. 2019 च्या अखेरीस कंपनीने जुना मजकूर काढून टाकायचं जाहीर केलं आणि डिसेंबर 2020 मध्ये सेवाच बंद केली. एका पिढीचा वाद-संवाद गेला. मराठीसह भारतीय भाषांसाठी म्हणून गाजावाजा झालेलं 'कू' 2020 मध्ये आलं, 2023 मध्ये तिथे मोठी नोकरकपात झाली आणि जुलै 2024 मध्ये ते बंद झालं. म्हणजे मालक भारतीय असला म्हणून ओसरी आपली होत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे. व्यासपीठावर लिहिणारा माणूस कामगार आहे की नाही? कंपन्या त्याला 'योगदानकर्ता', 'सदस्य', 'क्रिएटर' म्हणतात, कामगार म्हणत नाहीत. हफिंग्टन पोस्ट हजारो ब्लॉगरांच्या बिनपगारी लेखनाच्या आधारे मोठं झालं आणि 2011 मध्ये 31 कोटी 50 लाख डॉलरला विकलं गेलं. त्या पैशात आमचाही वाटा आहे, म्हणून ब्लॉगर न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले. 2012 मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे तुम्हाला लिहितानाच माहीत होतं, असं कोर्टाचं म्हणणं. 2018 मध्ये कंपनीने अमेरिकेतलं ते ब्लॉगरांचं व्यासपीठच बंद केलं.

नाव बदलून कामगाराला कामगारपणातून बाहेर काढायची ही युक्ती आपल्या वस्तीला नवी नाही. मुंबई महापालिकेने दत्तक वस्ती योजनेत झाडू मारणाऱ्या माणसांना 'स्वयंसेवक' म्हटलं. पगाराऐवजी मानधन हा शब्द वापरला, म्हणजे किमान वेतन द्यायला नको आणि कायम करायला नको. कंत्राटी सफाई कामगारांना आपण पालिकेचे कामगार आहोत हे सिद्ध करायला किती वर्षं गेली ते आठवा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला तेव्हा कुठे 2017 मध्ये सुमारे 2,700 कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयात शिक्कामोर्तब झालं. लेखणी आणि झाडू यांत समाजाने प्रतिष्ठेचा फरक केला असेल, पण दोघांना राबवून घ्यायची पद्धत एकच आहे.

म्हणून कर्मचारी आणि लेखक यांच्यात आपण भिंत घालू नये. वर्तमानपत्रांतल्या पत्रकारांसाठी 1955 साली स्वतंत्र कायदा झाला. संपादकाला काढायचं तर सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना काढायचं तर तीन महिन्यांची नोटीस, अशी त्यात तरतूद होती. ती मालकांच्या दयेने आली नाही, पत्रकारांच्या संघटनांमुळे आली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1943 मध्ये मालकांनी कामगार संघटनांना मान्यता देणं सक्तीचं करणारं विधेयक मांडलं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी 1938 च्या मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत सांगितले होते. आपण पहिला शत्रू पाठ केला. दुसऱ्याचं नाव घेताना आपली जीभ जड होते, विशेषतः तो मोबाइलच्या पडद्यावर हसत समोर येतो तेव्हा.

मग उपाय काय? "आपलं माध्यम आपण काढू" हे आपलं ठरलेलं उत्तर आहे आणि ते बरोबर आहे. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या ओसरीवर बोलता येत नाही हे बाबासाहेबांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. पण या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग आपण सांगत नाही. शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले म्हणून 'मूकनायक' उभा राहिला आणि 1923 मध्ये तो बंद पडला. 'बहिष्कृत भारत' 1927 मध्ये निघालं, 1929 मध्ये थांबलं. बाबासाहेब त्याचे रकानेच्या रकाने स्वतः लिहीत होते, मोबदला न घेता, आणि वर्गणीसाठी समाजापुढे हात पसरत होते. मालकी आपली होती, तरी पैशाची बाजू लंगडी होती. माध्यम सुरू करणं ही लढाईची सुरुवात असते. ते दर महिन्याला चालवायला वर्गणीदार लागतात.

इथे आपल्याच घरात थोडं पाहू. आज आंबेडकरी वेबसाइट, यूट्यूब चॅनेल, मासिकं, विशेषांक किती निघतात! 6 डिसेंबरला आणि 14 एप्रिलला तर पूर येतो. त्यात लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना मानधन मिळतं? भाषांतर करणाऱ्या मुलीला, व्हिडिओ कापणाऱ्या मुलाला, अक्षरजुळणी करणाऱ्याला आपण काय देतो? "चळवळीचं काम आहे" एवढं म्हटलं की व्यवहार संपतो. मंडप, साउंड आणि बॅनर यांचे पैसे रोख द्यायचे आणि लेख मात्र फुकट मागायचा, ही आपली रीत आहे. याने नुकसान कुणाचं होतं? ज्याच्या घरी खायला आहे तो दोन वर्षं फुकट लिहू शकतो. ज्या मुलीला महिन्याला घरी पैसे पाठवायचे आहेत ती सहा महिन्यांत लिहिणं सोडून कॉल सेंटरमध्ये जाते. म्हणजे फुकटच्या चळवळीत शेवटी आवाज कुणाचा उरतो, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. 'झोरा'ने निदान काही काळ तरी लेखिकेच्या हातात पैसे ठेवले. आपण मालकी आपली ठेवू आणि मोबदला त्या कंपनीसारखा नियमित देऊ, तरच आपलं माध्यम त्यांच्यापेक्षा वेगळं ठरेल.

माझ्या मते लगेच करण्यासारख्या चार गोष्टी आहेत.

एक, व्यासपीठं सोडू नका, पण त्यांना कोठार समजू नका. तिथे जरूर लिहा, वाचक तिथे आहे. पण प्रत्येक लेखाची प्रत स्वतःकडे ठेवा आणि जमेल तेव्हा स्वतःच्या डोमेनवर टाका. फेसबुकवरच्या दहा वर्षांच्या पोस्ट आजच उतरवून घ्या.

दोन, प्रत्येक जिल्ह्यात एखादं वाचनालय किंवा विहाराची समिती अशा लेखनाचा संग्रह करू शकते. त्यासाठी एक हार्ड डिस्क आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

तीन, वर्गणी. जयंतीला आपण वस्तीत घरटी वर्गणी गोळा करतोच. तशीच वर्षातून एकदा आपल्या माध्यमासाठी करा, आणि हिशेब जाहीरपणे मांडा. मिळालेल्या पैशातून पहिला खर्च लेखकाच्या मानधनाचा, मग कॅमेऱ्याचा.

चार, माध्यमांत आणि आयटीत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी युनियनला घाबरू नये. मीडियममध्ये युनियन एका मताने हरली. ते एक मत कुणाचंही असू शकतं.

जून 2016 मध्ये दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रेस रात्रीच्या अंधारात पाडला गेला. त्यानंतर मुंबईत केवढा मोर्चा निघाला ते तुम्ही पाहिलंय, काहीजण त्यात चाललेही असतील. प्रेस कधीचा जुना झाला होता, तरी लोक रस्त्यावर आले, कारण तो आपला होता. उद्या अमेरिकेतल्या कंपनीने एक सर्व्हर बंद केला आणि आपल्या हजार लेखकांचं लेखन त्याच्याबरोबर गेलं, तर मोर्चा कुठे न्यायचा? त्या दिवसाची वाट न पाहता आत्ताच आपलं लेखन आपल्या घरात आणूया, आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांना त्यांच्या कामाचं दाम देऊया.

जय भीम!