ई-सिम स्वस्त नेटवर्कलाही हवं, पण काउंटरच्या फेऱ्या नकोत



सोसायटीच्या ऑफिसात हल्ली तीन-चार जणांनी विचारलं, हे ई-सिम काय असतं, आणि आपल्या स्वस्तातल्या कंपनीने ते द्यायला हवं का? माझं मत, द्यायलाच हवं. पण ते कसं देतात, त्यावर आपला फायदा अवलंबून आहे.

ई-सिम म्हणजे फोनमध्ये कारखान्यातच बसवलेली चिप. कार्ड घालायचं नाही. कंपनीचा क्यूआर कोड स्कॅन केला की नंबर इंटरनेटवरून फोनमध्ये उतरतो. जिओ, एअरटेलकडे हे २०१८ पासून आहे. बीएसएनएलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत सुरू केलं आणि ऑक्टोबरमध्ये टाटा कम्युनिकेशन्सच्या मदतीने देशभर जाहीर केलं. २०२४ च्या जुलैत खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आपल्या जेटीवरचे कितीतरी जण बीएसएनएलकडे गेले. कमी पैशांचा रिचार्ज मारणाऱ्याला सोय सात वर्षं उशिरा, हे काही बरोबर नाही.

सगळ्यात जास्त गरज कोणाला? माझ्या मते आपल्या खलाशांना. ट्रॉलरवर ओडिशाची, झारखंडची पोरं आहेत. त्यांचे नंबर गावाकडचे. खारं पाणी लागून सिम गेलं की इथल्या दुकानात बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, "तुमच्या राज्यात जाऊन घ्या." त्या नंबरला बँक जोडलेली. ओटीपी येत नाही, घरी पैसे पाठवता येत नाहीत, आणि भर सीझनमध्ये पोरगा सुट्टी मागतो. बोटमालकालाही ते परवडत नाही. नंबर जर इंटरनेटवरून फोनमध्ये उतरू शकतो, तर ओडिशाचा नंबर गोव्यात बसून का मिळू नये? पण क्यूआर कोडसाठी कागदपत्रं घेऊन काउंटरवरच या म्हटलं, तर कार्ड गेलं काय आणि ई-सिम आलं काय, खलाशी तिथेच अडकला. ओळख नीट तपासा, आधार घ्या, चेहरा बघा, पण जिथे माणूस आहे तिथे तपासा.

आता दुसरी बाजू. दर्यात फोन बंद पडला तर कार्ड काढायचं, पुसायचं, तांडेलाच्या जुन्या फोनमध्ये घालायचं, काम झालं. ई-सिममध्ये ते जमत नाही. बंद फोनबरोबर नंबरही बंद. किनाऱ्यावर येऊन, नेट मिळवून, दुसऱ्या फोनवर नव्याने उतरवावा लागतो, आणि त्या दुसऱ्या फोनलाही ई-सिमची सोय हवी. दहा-बारा हजारांच्या बऱ्याच फोनमध्ये ती नसतेच. म्हणून कार्ड बंद करून ई-सिमची सक्ती कोणी आणली तर आपण विरोधच करायचा. होडीवर नेतो त्या फोनात कार्डच बरं. किनाऱ्यावरच्या, बँक जोडलेल्या फोनात ई-सिम चांगलं. तो चोरीला गेला तरी चोराला सिम काढून फेकता येत नाही.

(वायरलेस आणि ट्रान्सपाँडरच्या जागी यातलं काही चालत नाही. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून लांब गेलं की संपते, सिम कुठलंही असो.)

सिम बदललं की नंतरचे २४ तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक टाळायचा नियम आहे तो. म्हणून पगाराच्या दिवशी किंवा बोट सुटायच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नका. जून-जुलैच्या बंदीत निवांत करा.

आणि घरच्या बायकांनाही सांगून ठेवा, बाजारात यूपीआय त्यांच्याच फोनवर असतं. "कंपनीतून बोलतोय, तुमचं ई-सिम चालू करतो, आलेला कोड सांगा" असा फोन आला तर ताबडतोब ठेवा. कोड दिला की तुमचा नंबर त्याच्या फोनात जातो आणि मागोमाग खातं रिकामं होतं. आपल्या फोनची रेंज अचानक पूर्ण गेली आणि शेजारच्याची आहे, तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला आणि १९३० ला कळवा.

गावाकडचा नंबर इथे बदलून मिळाला नाही, असे खलाशी तुमच्या बोटीवर किती आहेत ते ऑफिसात कळवा. कंपन्यांना सोसायटीतर्फे पत्र द्यायचं आहे, त्यात आकडा हवा. तुमच्या फोनला ई-सिम चालतं का हे बघायला *#०६# दाबा. ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर सहसा चालतं.