राजवाड्यातील देव्हारा आणि जनतेची तिजोरी

टोकियोच्या राजवाड्यात शिंतो धर्माची तीन देवालये आहेत. एक सूर्यदेवी अमातेरासूचे, दुसरे सम्राटांच्या पूर्वजांचे, तिसरे इतर देवदेवतांचे. राजघराण्यातील विवाह पहिल्या देवालयासमोर लागतात. आजचे सम्राट नारुहितो यांचा १९९३ चा विवाहही तेथेच झाला. पाहणाऱ्याला हे सारे सनातन वाटते. प्रत्यक्षात येथे युवराजाचा विवाह पहिल्यांदा लागला तो १९०० साली!

त्याआधी काय होते? शेकडो वर्षे या घराण्यात बुद्धाला स्थान होते. कित्येक सम्राटांनी गादी सोडून चीवर धारण केले. त्यांचे अंत्यसंस्कार क्योतोच्या सेन्न्यूजी विहारात होत. मेईजी राजवटीने १८६८ पासून शिंतोला बौद्ध धर्मापासून तोडले आणि १८७१ मध्ये राजवाड्यातील बौद्ध देव्हाराच बाहेर काढला. सम्राट देवीचा वंशज ठरला, पूजा राज्यकारभाराचा भाग झाली आणि त्या दैवी सम्राटाच्या नावाने लाखो तरुण युद्धात मारले गेले.

१९४७ च्या राज्यघटनेने ही गाठ सोडवली. कलम २० ने सरकारला धार्मिक कृत्ये करण्यास मनाई केली, कलम ८९ ने धर्मसंस्थांना सरकारी पैसा देणे बंद केले. म्हणून या देवालयांतील पुजारी आज सरकारी नोकर नाहीत. त्यांचा पगार सम्राटाच्या खासगी तनख्यातून होतो.

मग 'दाइजोसाई'चे काय? या विधीत नवा सम्राट नव्या पिकाचा तांदूळ देवीला अर्पण करतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यासाठी तात्पुरत्या वास्तू उभारल्या आणि नंतर पाडल्या. खर्च २०० कोटी येनहून अधिक आणि तोही सरकारी तिजोरीतून! विधी धार्मिक आहे, हे सरकारलाही मान्य आहे. पण राज्यारोहणाशी जोडलेला म्हणून तो सार्वजनिक, असा त्याचा युक्तिवाद!

यावर जाहीर हरकत घेतली ती नारुहितो यांचे धाकटे बंधू अकिशिनो यांनी. हा विधी राजघराण्याच्या खासगी तनख्यात बसेल एवढाच करावा, असे त्यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगितले. सरकारने ऐकले नाही.

श्रद्धेचा हक्क सम्राटालाही आहे. पण त्याच्या देवीच्या नैवेद्याचा खर्च तेथील बौद्धाने, ख्रिश्चनाने, नास्तिकाने का भरावा? परंपरेच्या नावाने कोणी तिजोरीत हात घातला, तर आधी त्या परंपरेचे जन्मसाल विचारावे. बहुतेक वेळा उत्तरात देव सापडत नाही, सरकारचा हुकूम सापडतो.